‘माझी मैना’ ऐकून आजीला रडू येतं, पण बेळगावसाठी नाही

परवा आमचं सहामाही सादरीकरण होतं. पीएचडी करणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असेल. वीस मिनिटं आपण बोलायचं आणि मग समितीतल्या तिघांनी आपल्या दीड वर्षाच्या कामाचा पाच मिनिटांत निकाल लावायचा. माझा विषय लोकसंगीत आणि चळवळ. उदाहरणादाखल मी अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घेतली होती. ती ऐकून झाल्यावर समितीतले एक सर म्हणाले, "गाणं झकास आहे. पण यात शोधायचं काय? मुद्दा कडू असतो, म्हणून शाहीर तो गुळात घालून देतो. औषध राजकारणाचं, गूळ चालीचा. संपलं."

मला तिथं उत्तर सुचलं नाही. उत्तरं नेहमी बसमध्ये बसल्यावर सुचतात. तर हा लेख म्हणजे बसमध्ये सुचलेलं उत्तर समजा. माझं म्हणणं असं की या गाण्यात गूळ आणि औषध वेगळे काढताच येत नाहीत. लावणी इथं मुद्दा वाहून नेणारी गाडी नाही. मुद्दा सिद्ध करण्याचं काम लावणीच करते. ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. तमाशा पाहिलेला नसला तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगते.

आधी अण्णा भाऊंबद्दल थोडक्यात, कारण बरंचसं तुम्हाला माहीत असणार. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. मातंग कुटुंब. शाळा दीडच दिवस, असं सांगतात. घरचे सगळे पोटासाठी मुंबईला पायी गेले. अण्णा भाऊंनी तिथं मिळेल ते काम केलं, गिरणीतही केलं, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या संपर्कात आले. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, तिथं त्यांचे हात आणि गळा तयार झाला. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची. १८ जुलै १९६९ ला ते गेले. त्यांचं मुंबईतलं बरंचसं आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेलं.

त्यांना आपण साहित्यिक म्हणून ओळखतो, पाठ्यपुस्तकात तसेच भेटतात. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं ते आधी फडावरचे माणूस आहेत. पुढचा प्रेक्षक कुठल्या ओळीला मान डोलावतो आणि कुठल्या ओळीला विडी पेटवायला बाहेर जातो, हे ज्याला कळतं असा माणूस.

आता फडाबद्दल.

पारंपरिक तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण: राधा आणि गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण आणि पेंद्या त्यांची वाट अडवतात, सोबतची मावशी (हे काम पुरुषच करतो) चावट बोलून हशा पिकवते. मधे बतावणी, लावण्या. शेवटी वग, म्हणजे गोष्टीचं नाटक. मागं ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज आणि सुरत्ये. सुरत्ये म्हणजे मुख्य गायकाच्या मागं उभं राहून पालुपद उचलून धरणारे, पोवाड्यात ज्यांना झीलकरी म्हणतात तेच काम.

हा क्रम प्रेक्षकाला तोंडपाठ असतो. म्हणूनच त्यात केलेला बदल त्याला लगेच जाणवतो, आणि चळवळीच्या कलावंतांनी याचाच फायदा घेतला. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला. त्याच्या विचारानं पुढं जे जलसे निघाले, त्यांनी गण ठेवला, पण त्यातला गणपती बदलला. गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा नायक, असा अर्थ लावला. गवळणीतला चावटपणा काढून तिथं शिक्षणाचे आणि भटशाहीवरचे संवाद आणले. आंबेडकरी जलसे आणखी पुढं गेले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यात सगळ्यात नावाजलेला. तिथं देवाच्या स्तवनाची जागाच उरली नाही. त्याच जागी बाबासाहेबांना आणि समतेच्या लढ्याला वंदन आलं. कर्डकांनी पुढं १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर पुस्तकही लिहिलं, माझ्या टेबलावर त्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा दोन वर्षं पडून आहे.

अण्णा भाऊ या दोन्ही परंपरांचे वारसदार. त्यांच्या वगांत गण येतो, पण नमन मायभूमीला आणि तिच्यासाठी लढलेल्यांना असतं. गवळण नाहीच. विचार करा, फडापुढं बसलेल्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत काय कळत असेल. कुणी भाषण केलेलं नाही, पण नमस्कार कुणाला करायचा हे बदललंय.

सरकारलाही हे कळत होतं. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली, कारण दिलं अश्लीलतेचं. तेव्हा प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते. लाल बावटा कलापथकावरही बंदी आली, तिथं कारण अर्थातच वेगळं. या काळात अण्णा भाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे कागदावर तमाशा उरला नाही आणि फडावर सगळं तेच राहिलं. आज आपण ‘लोकनाट्य’ हा शब्द किती सभ्यपणे वापरतो! शासनाच्या पुरस्कारात असतो, अभ्यासक्रमात असतो. त्याच्या पोटात बंदी चुकवण्याची ही युक्ती आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले होते.

आता मुख्य गोष्ट.

शाहिराकडे दोन मोठी हत्यारं होती, पोवाडा आणि लावणी. पोवाडा पराक्रमाचा. अण्णा भाऊंनी पोवाडेही लिहिले, १९४३ मध्ये चक्क स्टालिनग्राडच्या लढाईवर लिहिला. वाटेगावच्या माणसानं व्होल्गाकाठच्या शहरावर पोवाडा रचावा आणि तो गिरणगावातल्या लोकांनी ऐकावा, हे आजही नवलाचं वाटतं. चळवळीच्या गाण्यासाठी पोवाडा सोयीचा, हे कुणालाही पटेल. त्यात लढाई असते, वीर असतो, शत्रू असतो.

पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं पोवाडा नाही. ते लावणीच्या घराण्यातलं आहे. छक्कड हा लावणीचाच एक चपळ प्रकार, छोटे छोटे तुकडे एकामागून एक धावत येतात आणि धापा टाकत पालुपदावर विसावतात. ज्या लढ्यात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जिथं १०५ हुतात्मे म्हणून आकडा लोकांच्या ओठांवर बसला, त्या लढ्यासाठी शाहीर शृंगाराचा प्रकार का निवडतो?

याचं उत्तर विरहात आहे.

पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या घ्या, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम. त्यात विरहाच्या लावण्या भरपूर. नवरा मोहिमेवर किंवा दूरदेशी गेलाय, घरी तरणीताठी बायको झुरतेय, सखीला सांगतेय की रात्र सरत नाही. लावणीत बोलते ती बहुतेक वेळा बाई. आणि विरहाला कारण असतं ते नशीब, स्वारी, नाहीतर सवत. त्या कारणाशी कुणी भांडत नाही. दुःख गोड करून ऐकायचं, एवढाच त्याचा उपयोग.

‘माझी मैना’मध्ये अण्णा भाऊंनी हा साचा उचलला आणि त्यात तीन गोष्टी हलवल्या. तिन्ही वरवर किरकोळ वाटतात.

पहिली: बोलणारा बदलला. इथं झुरतोय तो पुरुष, मुंबईत आलेला कामकरी. बायको गावी राहिलीय. गिरणगावातल्या लाखभर पुरुषांची हीच गत होती. एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत, गाव वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला. लावणी ऐकायला हेच पुरुष येत. आजवर ते दुसऱ्याच्या बायकोचं झुरणं पाहायला येत होते, आता त्यांचंच झुरणं कुणीतरी गायला लागलं.

दुसरी: दागिने. शृंगाराच्या लावणीत नखशिखांत वर्णन असतं, कुठल्या अंगावर कुठला दागिना ते शाहीर चवीनं मोजतो. इथंही ती यादी आहे. शिंदेशाही तोडे आहेत, कोल्हापुरी साज आहे, पुतळ्यांची माळ आहे, नथ आहे. पण नीट ऐका. यातलं काहीही मैनेच्या अंगावर नाही. निघताना तिची समजूत काढायला नवऱ्यानं ते सगळं कबूल केलंय. अख्खी यादी उधारीची! प्रेक्षक सवयीनं डोळ्यांपुढं नटलेली बाई आणायला जातो आणि त्याला दिसते ती मोकळ्या गळ्याची बाई. गरिबीवर एक वाक्य न बोलता गरिबी दाखवण्याचा याहून नेमका मार्ग मला मराठीत माहीत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी: विरहाला कारण दिलं. शाहीर स्वच्छ सांगतो की आमची ताटातूट गरिबीनं केली. नशिबाचा उल्लेख नाही. एकदा का ताटातुटीला माणसानं तयार केलेलं कारण मिळालं, की तिच्यावर उपायही असू शकतो. जुन्या लावणीतल्या विरहिणीला हा पुढचा प्रश्न विचारताच येत नव्हता.

आता गाणं हळूहळू गावाकडून मुंबईत येतं. शहराची श्रीमंती, बेकारांची गर्दी, मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. आणि शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात, दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेला मराठी मुलूख म्हणून. त्यानंतर पुन्हा पालुपद. तेच शब्द, तीच चाल. एक मात्राही बदललेली नाही. पण मैना मात्र आता दुसरीच आहे. गावी राहिलेली बायको आणि सीमेपलीकडे राहिलेला मुलूख एकाच शब्दात बसलेत, आणि शाहिरानं ‘ही उपमा आहे बरं का’ असं सांगण्याची गरजच ठेवलेली नाही.

इथं मला व्याकरणाची एक गंमत दाखवायचीय. (माझ्या गाईडना ही गंमत फारशी आवडलेली नाही. तुम्ही ठरवा.) या छक्कडीतले ते धावते तुकडे जवळजवळ सगळे एकाच अक्षरावर संपतात: ‘ची’. बांध्याचं, रंगाचं, गुणांचं वर्णन येतं ते ‘ची’वर संपत. दागिन्यांची यादी ‘ची’वर. ताटातूट कुणाची, गर्दी कुणाची, आणि शेवटी बेळगावावर मालकी कुणाची, सगळं ‘ची’वर. आता ‘ची’ म्हणजे काय? षष्ठी. संबंध सांगणारा, मालकी सांगणारा प्रत्यय. कोण कुणाची, काय कुणाचं. म्हणजे प्रेमाच्या पहिल्या कडव्यापासून कान एकाच प्रश्नाला सरावलेला असतो आणि तो प्रश्न सीमाभागावर येतो तेव्हा परका वाटत नाही. तो यमकातून आधीच आलेला असतो. उलट पालुपद मात्र ‘ली’वर संपतं. ‘राहिली’, ‘काहिली’. घडून गेलेलं, हातातून सुटलेलं. कडवं मालकी मोजत जातं आणि पालुपद दर वेळी सांगतं की मोजून काय उपयोग, राहिली ती राहिलीच.

हे सगळं अण्णा भाऊंनी कागदावर आखून केलं असं माझं म्हणणं नाही. लावणीत लांबलचक एकयमकी माळ ओवायची रीत जुनीच आहे. त्यांनी फक्त ती माळ मधे तुटू दिली नाही. प्रेमाचं कडवं संपवून, आता जरा राजकारण, असा सांधा कुठं ऐकूच येत नाही.

म्हणून मला सरांचं गूळ-औषध पटत नाही. मुद्दा तेवढा काढा आणि पत्रकात छापा: ‘बेळगाव-कारवारसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ ही घोषणा हजारो भिंतींवर होतीच. ती वाचून माणूस फार तर मान्य करतो. पण बेळगाव कधी न पाहिलेल्या, नकाशा वाचता न येणाऱ्या परळच्या माणसाला ते आपलं स्वतःचं काहीतरी तुटलंय असं वाटायला हवं असेल, तर त्याच्या आयुष्यातलं जे खरोखर तुटलेलं आहे तिथूनच सुरुवात करावी लागते. ते काम लावणी करते, आणि दुसरा कुठलाही प्रकार करू शकला नसता. पोवाडा तर नाहीच, पोवाड्यात बायको घरीच सोडून यावं लागतं.

प्रयोगात आणखी एक गोष्ट घडते ती छापील शब्दांत दिसत नाही. मागच्या वर्षी फील्डवर्कमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका वयस्क ढोलकीवाल्यांच्या घरी दोन दुपारी बसले होते. त्यांनी मला बोटांनी खाटेच्या माच्यावर वाजवून दाखवलं की धावत्या तुकड्यांमध्ये ढोलकी पुढं पुढं ढकलत राहते, गायकाला दम घ्यायला जागा देत नाही, आणि पालुपदाला एकदम मोकळी सोडते. तिथं सुरत्ये उचलतात आणि त्यांच्याबरोबर पब्लिक. म्हणजे माहिती, यादी, तक्रार हे सगळं एकट्या शाहिराच्या अंगावर, आणि भावनेचा शब्द सगळ्यांचा. बेळगावच्या कडव्यानंतर हजारो लोक ‘काहिली’ म्हणतात तेव्हा त्यांनी ठरावाला हात वर केल्यासारखंच झालं की! फक्त कुणी मत मागितलेलं नसतं. आणि हे गाणं अमर शेखांसारख्या पहाडी आवाजाच्या माणसाकडून ऐकलेल्या पिढीतले म्हातारे भेटले की ते पहिल्यांदा आवाजाबद्दलच बोलतात, मुद्द्याबद्दल नंतर.

जाता जाता एक जोडी नोंदवून ठेवते, कारण ती मला फार आवडते. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी (१८६६–१९४५), हे लावणीचं मोठं नाव. त्यांची मुंबईचं वैभव सांगणारी लावणी प्रसिद्ध आहे. अण्णा भाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली, पण त्यात मलबार हिल आणि कामगारवस्ती समोरासमोर उभ्या केल्या. बापूरावांच्या मुंबईकडे पाहुणा डोळे विस्फारून बघतो, अण्णा भाऊंच्या मुंबईत तो पाहुणा नाल्याकाठी राहायला लागलेला आहे. आणि दोघं कुठले? बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. एक ब्राह्मणवाड्यातून तमाशात आला, एक मांगवाड्यातून.

इथवर मी अण्णा भाऊंची वकिली केली. आता दुसरी बाजू, जी सादरीकरणात सांगायला वेळच उरला नाही.

मैना या गाण्यात बोलत नाही. जुन्या लावणीत बाई बोलायची, हे वर सांगितलंच. ते शब्द पुरुष शाहिरानं लिहिलेले असत, खरंय, पण फडावर उभी राहून गाणारी बाई असे आणि ती बहुतेक वेळा कोल्हाटी, महार, मांग अशा जातीतली असे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी नाचणाऱ्या बाईला बाहेर ठेवलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. त्याच जातींतल्या बायकांना नाचवून वरच्या जातींनी मजा मारली होती, ती अप्रतिष्ठा संपवायची होती. पण बाई बाहेर गेली तशी तिची कमाई गेली, तिचं कसबही गेलं. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाड्यावर लिहिलेल्या निबंधात हे दोन प्रकार जात आणि लिंगभाव यांनी कसे घडत गेले ते दाखवलंय. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या पुस्तकाचा विषयच तमाशातल्या दलित स्त्रिया आणि त्यांच्यावर मारलेला ‘अश्लील’ हा शिक्का आहे. ही दोन्ही वाचल्यावर ‘माझी मैना’ पहिल्यासारखी ऐकू येत नाही.

कारण मग तो ‘ची’ वेगळा टोचायला लागतो. मैना कुणाची? माझी. बेळगाव कुणाचं? माझं. मुलूख आणि बायको एका शब्दात बसतात ते दोघींवर मालकी सांगता येते म्हणून. ज्या युक्तीनं गाणं इतकं जोरकस होतं, त्याच युक्तीनं बाई गप्प होते. मला यात अण्णा भाऊंना पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्यांच्या कादंबऱ्यांमधल्या बायका चांगल्याच बोलतात आणि भांडतात. पण या गाण्याची किंमत कुणी मोजली, हेही प्रबंधात लिहायला हवं.

मैनेचं म्हणणं ऐकायचं तर दुसरीकडे जावं लागतं, जात्यावर. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून, तिथल्या बायकांच्या मदतीनं, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. त्यात भाऊ आहे, बाप आहे, पंढरी आहे, बाबासाहेब आहेत, आणि घरापासून लांब गेलेला माणूसही आहे. तिथं मैना गाते, पण पहाटे, दळताना, आणि ऐकायला दुसरी एखादी मैनाच असते.

माझी आजी यातलीच. माण तालुक्यात तिची कोरडवाहू चार एकरं. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर. लग्नानंतरची सव्वीस वर्षं ते तिकडे, ती इकडे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर आजोबा कायमचे घरी आले. म्हणजे आमच्या घरात मैनेचा आणि तिच्या माणसाचा मेळ झाला तो असा, गिरणीचं दार बंद झाल्यावर.

सादरीकरणाची तयारी करताना मी गावी होते. मोबाईलवर ‘माझी मैना’ लावली होती, कडव्यांच्या वेळा टिपत होते. आजी चुलीपुढं बसून ऐकत होती. दागिन्यांच्या यादीला तिनं पदर डोळ्याला लावला. मी थांबवलं तर म्हणाली, "चालू दे. साज म्हणालं हुतं, आलाच न्हाई." एवढंच. बेळगावचं कडवं आलं तोवर ती उठून शेळीला पाला टाकायला गेली होती.

मला आधी जरा वाईट वाटलं. माझ्या अख्ख्या मांडणीचा कळस त्या कडव्यात, आणि ज्या श्रोत्यासाठी ते लिहिलं तो श्रोता शेळीपाशी! पण मग वाटलं, गाण्यात बायकोवरून मुलखाकडे जायचा जो पूल आहे, तो नवऱ्याच्या बाजूनं बांधलाय. आजीच्या बाजूनं त्यावर चढायला पायरीच नाही. तिचं गाणं दागिन्यांपाशी पूर्ण होतं. आणि त्यातही राजकारण आहेच: कबूल केलेली मजुरी मिळाली नाही, एवढी साधी तक्रार.

ती परत आल्यावर मी तिला शेवटचं कडवं समजावून सांगितलं. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली, पण बेळगाव-कारवार तिकडेच राहिलं, डांग-उंबरगाव गुजरातेत गेलं. शाहीर म्हणतोय ते हेच.

"मग पुढं मिळालं का ते?" तिनं विचारलं.

"नाही. २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे."

"अजून?"

"अजून."

आजी उठली आणि फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. त्यात आजोबांचा गिरणीतला पास, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी आणि गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेल्या फॉर्मची पावती होती. पावतीची घडी उसवायला आली होती. म्हणाली, "ह्याचं बी बघ जरा ऑनलाइन. नंबर कुठवर आलाय."